सबवूफर हळू ऐकण्यासाठी असतो

सबवूफर हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम झाला आहे. तो उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत. रात्री गल्लीतून जाताना खिडक्यांच्या काचा थरथरवणारी मोटार. नाहीतर टीव्हीखाली ठेवलेला, निळे दिवे लुकलुकणारा प्लॅस्टिकचा डबा. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी घरी सबवूफर बनवला ही बातमी आमच्या गोतावळ्यात पसरली, तेव्हा पहिला फोन आला धाकट्या बहिणीच्या मुलाचा. "मावशी, आता तूसुद्धा डीजे लावणार?" दुसरा वन्संचा. "अहो वहिनी, ह्या वयात हे काय? शेजारीपाजारी काय म्हणतील!" तिसरा आमच्या चिरंजीवांचा. "आई, पाच हजारात तयार मिळतो की! एवढा उपद्व्याप कशाला?" तिघांशी फोनवर वेगवेगळं भांडण्याइतका दम आता माझ्यात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. बाकीच्या मंडळींनी घरचं भांडण समजून ऐकायला हरकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील. सबवूफर मोठ्याने ऐकणाऱ्यांसाठी नसतोच, हळू ऐकणाऱ्यांसाठी असतो. बाजारात त्या नावाने स्वस्तात जे खपवलं जातं त्यातलं बहुतेक त्या नावाला लायक नसतं. आणि म्हणून ज्याला हळू आणि नीट ऐकायचं आहे पण खिशात लाखभर रुपये नाहीत, त्याने तो घरी करावा.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध अकरावी मॅट्रिकपर्यंतचा. तेव्हा पुढे आकडे आले तरी बिचकू नका. मला जमले म्हणजे गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही जमतील.

आधी कानाचं बघू. आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. मधल्या सुरांना तो तल्लख असतो, कारण माणसाचं बोलणं तिथे असतं. खालच्या सुरांना मात्र जवळजवळ बहिरा. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून हे पद्धतशीर मोजलं. पुढे ही मोजमापं आणखी सुधारली. १००० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी जेवढा आवाज लागतो, त्याहून जवळजवळ ५० डेसिबल जास्त आवाज ४० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी लागतो. डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो, दर १० डेसिबलला ताकद १० पट होते. म्हणजे हा फरक एक लाख पटीचा झाला! आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होत जाते. चांगल्या मोठ्या आवाजात ती साधारण निम्म्यावर येते.

ह्याचा घरातला अर्थ असा. तुम्ही रेकॉर्ड लावलीत आणि आवाज हळू केलात की सगळ्यात आधी तळ जातो. डग्ग्याची घुमक जाते, तानपुऱ्याचा खर्ज जातो. उरतात ती शाई, किणकिण आणि गायकाच्या गळ्याची वरची धार. गाणं पातळ लागतं, पाणी जास्त झालेल्या आमटीसारखं. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. तळ थोडा परत येतो, पण त्याच्याबरोबर मधलं आणि वरचं सगळंच वाढतं, कान किटतात, शेजारची भिंत वाजते आणि भांडणं होतात. मोठ्या आवाजात ऐकणारे सगळेच काही उद्धट नसतात हो. त्यांतल्या कितीतरी जणांना नुसता हरवलेला डग्गा हवा असतो!

सबवूफरला स्वतःचा अँप्लिफायर आणि स्वतःचं बटण असतं. तो साधारण ८० हर्ट्झच्या खालचं तेवढं सांभाळतो. गाणं हळू ठेवायचं आणि तळाचं बटण अंमळ पुढे करायचं, की कानाच्या बहिरेपणाची भरपाई झाली. आमटी पुन्हा आमटी झाली. माझी आणि शेजाऱ्यांची भिंत एक आहे, पलीकडे दहावीतली मुलगी अभ्यास करते. सबवूफर आल्यापासून माझ्या घरातला आवाज कमी झाला आहे. खोटं वाटत असेल तर त्या मुलीच्या आईला विचारा. वन्सं, हे तुम्हाला उत्तर.

"पण मावशी, माझ्या फोनवरसुद्धा तानपुरा ऐकू येतोच की!" हा भाच्याचा पुढचा मुद्दा. मुद्दा चांगला आहे, म्हणून जरा थांबते. गायकाची पट्टी काळी एक असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर खर्ज १०४ च्या आसपास. फोनचा स्पीकर काही शेकड्यांच्या खाली जवळजवळ मुका असतो. तरीही आपल्याला खर्ज "ऐकू" येतो, त्याचं कारण फोन नसून आपला मेंदू आहे. त्या तारेतून निघणारे वरचे दुप्पट, तिप्पट, चौपट सूर कानावर पडतात, त्यांवरून मेंदू मूळ सुराचा अंदाज बांधतो आणि रिकामी जागा भरून काढतो. गाळलेल्या जागा भरा! आयुष्यभर मी मुलांना हा प्रश्न घातला आहे, आणि मला पक्कं ठाऊक आहे की भरलेली जागा ही छापलेल्या शब्दासारखी कधीच नसते. मूळ ६९ हर्ट्झ खोलीत खरोखर हललेली हवा असते. ती छातीला आणि बसल्या जागेच्या सतरंजीला कळते. माइकशिवायच्या घरगुती बैठकीत तबलजीजवळ जे कधी बसले आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. इतरांना कितीही लिहून सांगितलं तरी व्यर्थ.

असो. आता चिरंजीवांच्या पाच हजारांकडे वळू.

बाजारातल्या डब्यांवर पूर्वी एक शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असायचा, पीएमपीओ. "५००० वॅट पीएमपीओ"! अजूनही काही खोक्यांवर तो किंवा त्याचे भाऊबंद भेटतात. ह्या आकड्याला कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. खरा आकडा शोधायचा असेल तर खोकं फिरवून मागे बघा, किंवा त्याचा अ‍ॅडॅप्टर हातात घ्या. तिथे प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा. २४ वॅट. ह्या नळातून जेवढं पाणी येतं त्याहून जास्त पाणी बादलीतून सतत कसं काढणार? सातवीतलं पोरसुद्धा "बाई, हे शक्य नाही" म्हणेल. पण दुकानात उभा असलेला पदवीधर बाप मान डोलावतो, कारण समोर धाड धाड वाजत असतं.

ते धाड धाड म्हणजे काय, हे कळलं तेव्हापासून माझा संताप वाढला आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर काय होतं? एकच सूर निघतो. जोरात मारा, हळू मारा, सूर तोच. भोक असलेलं स्पीकरचं खोकं हीसुद्धा एक बाटलीच असते. नीट हिशोब करून भोक आणि नळी ठेवली तर त्या सुराचा उत्तम उपयोग करून घेता येतो, मोठमोठे कारागीर करतात. पण डबा लहान हवा, स्वस्त हवा आणि दुकानात अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक गार व्हायला हवं, अशा तीन अटी घातल्या की कारागिराच्या हाती एकच उपाय उरतो. कुठेतरी ६०-८० हर्ट्झच्या आसपास एक टेकाड उभं करायचं. मग पखवाज वाजो, डग्गा वाजो, सिनेमात दार आपटो, डबा सगळ्यांना तेच एक उत्तर देतो. धाड! डग्ग्यावर मनगट घासून तबलजी जी मींड काढतो, ती सुरांची घसरण असते, एका सुरातून दुसऱ्यात ओघळत जाणारी. एकाच सुराच्या डब्यातून ती कशी बाहेर पडेल? एकच उतारा पाठ केलेल्या पोराला कुठलाही प्रश्न विचारा, ते तोच उतारा म्हणणार.

बाजारात चांगलं काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही. मिळतं, आणि ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावं. माझं भांडण पाच हजारांच्या फसवणुकीशी आहे, आणि "घरी करणं म्हणजे वेडेपणा" ह्या समजुतीशी आहे.

कारण घरी करण्याची विद्या काही गुप्त नाही. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर ह्या माणसाने बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरलं. स्पीकरचा पडदा आत गेला की कोंडलेली हवा त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत ओढते. त्याआधी चांगल्या तळासाठी कपाटाएवढी खोकी लागत, ती एकदम पुस्तकांच्या फळीवर मावू लागली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील ह्यांनी १९६१ साली आणि नंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल ह्यांनी ह्या सगळ्याची गणितं मांडून दिली. ती छापून जगासमोर ठेवली. तेव्हापासून कुठल्याही स्पीकरचे दोन-चार आकडे कळले की त्याला किती लिटरचं खोकं लागेल हे कागदावर काढता येतं. आणि तरीही आपल्याकडे "अंदाजपंचे" खोकी ठोकणाऱ्याला अनुभवी म्हणतात!

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मी दोन दुपारी हिंडले. दहा इंची स्पीकर मिळाला. त्याच्याबरोबर आकड्यांचा कागद असतो, तो मागितला. दुकानदार म्हणाला, "कागद कशाला आजी? खोकं पण आम्हीच देतो, सगळ्यांना चालतं ते." किती लिटरचं? "एवढं," असं म्हणून त्याने हाताने दाखवलं. मी म्हटलं, ब्लाउज शिवतानासुद्धा शिंपी टेप लावतो. शेवटी गल्ल्याखालून कागद निघाला.

माझ्या स्पीकरचे आकडे सांगते. त्याचा स्वतःचा सूर ३० हर्ट्झ. क्यूटीएस म्हणून एक आकडा असतो, पडदा किती लवकर आवरतो ते सांगणारा, तो ०.४५. आणि व्हॅस, म्हणजे पडद्याच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा किती, तर ६० लिटर. बंद खोक्यात एकूण क्यू ०.७०७ आला की तळ ना फुगत ना लवकर ढासळत, म्हणून तो धरायचा. आता पाटी घ्या. ०.७०७ भागिले ०.४५, उत्तर १.५७. त्याचा वर्ग २.४७. त्यातून एक वजा, १.४७. ६० ला त्याने भागा. सुमारे ४१ लिटर. झालं गणित! खोक्यातला सूर ३० गुणिले १.५७, म्हणजे ४७ हर्ट्झ. काळी एकचा खर्ज ६९ चा, तो ह्याच्या आरामात वर.

आता हाच स्पीकर "सगळ्यांना चालणाऱ्या" दहा लिटरच्या खोक्यात घाला. क्यू जातो १.१९ वर आणि खोक्याचा सूर ७९ हर्ट्झवर. म्हणजे ७९ च्या वर टेकाड आणि खर्ज आधीच उतरणीला लागलेला. स्पीकर तोच, पैसे तेच. फक्त ३१ लिटर हवा कमी. हवेलासुद्धा पैसे पडत नाहीत हो, पण गोदामात जागा लागते ना!

भाचेमंडळींपैकी कोणी विचारेल, छोट्याच स्पीकरला जास्त ताकद दिली तर? त्याचंही उत्तर आहे. तेवढाच आवाज ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० वर एक मिलिमीटर हलत असेल तर ४० वर चार आणि २० वर सोळा. माझे जुने दोन स्पीकर चार इंची आहेत. त्यांच्यावर तळाचं बटण पिळलं की ते बिचारे धापा टाकतात. मोठा पडदा हवा आणि मागे मोकळी हवा हवी. ह्याला पळवाट नाही.

खोक्याचं लाकूड हा तर स्वतंत्र वादाचा विषय. परदेशातले लोक एमडीएफ वापरतात, त्यांनी वापरावं. आपल्याकडे पावसाळा आहे. एमडीएफला कडेने ओल लागली की ते पोहे भिजल्यासारखं फुगतं. मी १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय घेतलं. आतून ३६ बाय ३६ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे ४२.८ लिटर. त्यातून स्पीकरचं मागचं अंग आणि आतली आडवी पट्टी मिळून दोनेक लिटर गेले की बरोबर ४१. ती आडवी पट्टी विसरू नका. तिच्यावाचून खोक्याच्या भिंती स्वतःच गायला लागतात. कापणी सुताराकडून करून घेतली. त्याने दोनदा विचारलं, "बाई, नक्की स्टूल नको ना?" गोल भोकसुद्धा त्यानेच पाडलं. फेव्हिकॉल, स्क्रू आणि आतल्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन हे मी केलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दोन दिवसांत. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैल भरला. त्याने आतली हवा आहे त्यापेक्षा थोडी जास्त असल्यासारखी वागते आणि प्रतिध्वनी मरतो.

खोकं हवाबंद झालं का, ह्याची परीक्षा सोपी आहे. स्पीकर बसवल्यावर पडदा चार बोटांनी, सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. तो संथपणे परत आला तर खोकं बंद आहे. पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. माझा आला, सावकाश, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा.

अँप्लिफायरची तयार पट्टी मिळते, तळाचा चाळणीवजा भाग आणि बटणं तिच्यावरच असतात. वीजपुरवठ्याचा भाग मात्र बंद पेटीतला तयारच घ्यावा. २३० व्होल्टशी हौस करू नये, ही माझी सगळ्यांना कडक सूचना आहे. तेवढं काम मी वायरमनकडून करून घेतलं आणि ह्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. एकूण खर्च साडेनऊ हजार. हो, पाच हजारांपेक्षा जास्त. पण त्या पाच हजारांत ४१ लिटर कुठे मिळतात ते मला दाखवा.

आणि एक गोष्ट कुठलंच दुकान विकू शकत नाही, ती म्हणजे तुमची खोली. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची. माझी खोली ४.२ मीटर लांब, म्हणजे अर्धी लाट तिच्यात जवळजवळ चपखल बसते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, उत्तर ४१. त्यामुळे ४१ हर्ट्झच्या आसपास माझ्या खोलीत भिंतीलगत ढोल वाजतो आणि बरोबर मध्यावर काहीच ऐकू येत नाही. "कोपऱ्यात ठेवा, दणकून वाजेल," असा सल्ला सगळे देतात. वाजतो, पण कोपऱ्यात खोलीचे सगळेच असले सूर एकदम जागे होतात. खरी रीत गमतीची आहे. सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा, एखादं संथ तबल्याचं वादन लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे डग्गा सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. माझे गुडघे रांगायच्या पलीकडे गेले आहेत, म्हणून हे काम नातवाने केलं. पुस्तकांच्या कपाटाजवळ, लांब भिंतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर तो थांबला आणि म्हणाला, "आजी, इथे तो गोडसर ऐकू येतो." गोडसर! मी त्याला विशेषण बदलायला सांगितलं नाही.

आता डीजेचं, कारण भाच्याने तो शब्द काढलाच आहे. मिरवणुकीतल्या भिंतीचा मला तुमच्याइतकाच राग आहे, पण तो कायद्याने मोजला कसा जातो ते ऐका. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. पण हे डेसिबल "ए" मापाचे असतात, म्हणजे कानाच्या कलाप्रमाणे वजन देऊन मोजलेले. त्या मापात ६३ हर्ट्झच्या सुरातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात! छाती हादरवणारा जो सूर, त्याचीच यंत्रात सगळ्यात कमी नोंद. आणि खालचे सूरच भिंतीतून सहज आरपार जातात, वरचे अडतात. म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी पाळण्यातलं मूल दचकतं. वजन न देता किंवा खालच्या सुरांना झुकतं माप देऊन मोजण्याच्या पद्धती आहेत, "सी" माप त्यातलंच. ते नियमात का नको? ह्यावर कोणी का भांडत नाही? पण भांडायला आधी कळावं लागतं, आणि कळायला कधीतरी एक खोकं स्वतः बांधलेलं असलं तर बरं.

माझाही सबवूफर भिंतीतून जाईल, हा धोका मी नाकारत नाही. म्हणून खाली जाड रबराचे पाय आहेत, रात्री दहानंतर तो बंद असतो, आणि पहिल्या आठवड्यात मी स्वतः शेजारी जाऊन बसले आणि इकडे नातवाला वाजवायला लावलं. ऐकू येऊ लागलं तिथे बटणावर पेन्सिलीने खूण केली. त्या खुणेपुढे बटण जात नाही.

राहता राहिलं वय. चिरंजीव, तुम्ही शाळेत असताना कार्यानुभव नावाचा एक तास असायचा, आठवतंय? मुलांनी हाताने काहीतरी करावं म्हणून. मी त्याच्या वह्या तपासल्या आहेत. निम्म्या घरांतून स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली तयार वस्तू यायची, मागे किमतीची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली. पालकसभेत विचारलं की आया म्हणायच्या, "बाई, वेळ कुठे आहे? आणि विकत छान मिळतं." तीच मुलं आज चाळिशीत आहेत आणि मला सांगतात, विकत छान मिळतं! त्यांना मी आणलेल्या स्पीकरचा कागद दाखवला तर आकडे बघून ते तो परत करतात. इंजिनिअर आहेत त्यातले तिघे. मला राग ह्याचा येतो की नळगळती, फ्यूज, शिलाई, खोकं, कशालाही हात लावायच्या आधी माणूस फोन काढून किंमत बघतो. वेळ वाचतो म्हणे. वाचवलेल्या वेळात काय करतात तेही मी पाहते, घरात पाहुणे असतानासुद्धा!

माझ्या खोक्याला अजून पॉलिश नाही. प्लायच्या कडा उघड्या दिसतात, त्यांना पट्टी लावायची आहे, आणि जाळी बसवायची की नाही ह्यावर नातवाचं आणि माझं एकमत झालेलं नाही. वन्सं पुढच्या रविवारी यायच्या म्हणतात. भावजींनाही आणा, आणि त्यांचा तो निळ्या दिव्यांचा डबासुद्धा गाडीत टाकून आणा. दोन्हींवर एकच तबल्याची तबकडी लावू, हळू आवाजात, दार लोटून. फक्त डब्याचा अ‍ॅडॅप्टर विसरू नका. त्यावरच्या आकड्यांचा गुणाकार भावजींच्याच हातून करून घ्यायचा आहे.